लॅम्ब अँड राइसच्या पाकिटात कोंबडी

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास आमची कुत्री भिंगरी कान खाजवायला लागली. आधी वाटलं पाणी गेलं असेल, मग पंजे चाटणं सुरू झालं, मग पोटाच्या खालचे केस जायला लागले आणि तिथली कातडी लालभडक. रात्री दोन-दोन वाजता तिच्या मानेतल्या पट्ट्याचा खळखळ आवाज यायचा कारण ती मागच्या पायाने कान खाजवत बसायची, आणि मी उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसायचे. डॉक्टरांनी गोचीड बघितले, बुरशी आहे का ते बघितलं, कानात टाकायचं औषध दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की आठ दिवसांत परत तेच.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?" मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं की लॅम्ब अँड राइस, म्हणजे कोकराचं मांस आणि तांदूळ, कारण सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी सांगितलं होतं की खाज असेल तर चिकन बंद करा, म्हणून मी आधीच बदललं होतं, आणि आधीच्यापेक्षा महाग पाकीट आणत होते. ते म्हणाले, "घरी गेलात की पाकिटाच्या मागचा फोटो पाठवा मला, पुढचा नको."

पाठवला. दहा मिनिटांत तोच फोटो परत आला, त्यावर तीन लाल गोल केलेले. दुसऱ्या नंबरला चिकन मील. मध्ये कुठेतरी पोल्ट्री फॅट. आणि खाली, चष्मा लावूनही दिसणार नाही एवढ्या अक्षरात, हायड्रोलाइज्ड चिकन लिव्हर. लॅम्ब होतं, नाही असं नाही, पण चिकनच्या खाली. म्हणजे इतके दिवस मी तिला रोज दोन वेळा कोंबडीच देत होते आणि ती खाजवत होती.

मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं. घरात मी बिस्किटाच्या पुड्याचीसुद्धा मागची बाजू वाचणारी बाई, पाम तेल आहे का बघते, आणि जिला स्वतःचं वाचता येत नाही, दुसरं काही मागताही येत नाही, तिच्या पाकिटाचा मी फक्त पुढचा फोटो बघितला, हिरवं कुरण आणि त्यात कोकरू. म्हणून मग वाचायला बसले आणि गेलं वर्षभर वाचतेय, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलंय. जे कळलं ते लिहून ठेवतेय कारण टेकडीवर फिरायला येणारे निम्मे लोक मला हेच विचारतात की कुठलं देता.

तर आधी नावाचं. पाकिटावरचं इंग्रजी नाव नीट शब्द न् शब्द वाचा. अमेरिकेत आफ्को (AAFCO) म्हणून संस्था आहे, पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची, त्यांचे नमुना नियम आहेत आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच इंपोर्टेड पाकिटांवरची भाषा त्यावरूनच आलेली असते. त्यात नुसतं 'लॅम्ब डॉग फूड' म्हणायचं असेल तर वरून घातलेलं पाणी सोडून ९५ टक्के लॅम्ब लागतं. 'लॅम्ब डिनर', 'लॅम्ब रेसिपी', 'लॅम्ब फॉर्म्युला' असं काही शेपूट लावलं की २५ टक्के पुरतं, आणि दोन नावं जोडली असतील, म्हणजे लॅम्ब अँड राइस रेसिपी, तर दोन्ही मिळून २५, त्यात राइस ३ टक्के असला तरी चालतो. 'विथ लॅम्ब' म्हणलं की फक्त ३ टक्के. आणि 'लॅम्ब फ्लेवर' ला टक्केवारीच नाही, चव कळण्याइतकं असलं की झालं. आणि यातल्या कुठल्याही नावात "चिकन नाही" असं कोणी म्हणलेलंच नाहीये! ते आपण मनाने धरतो.

मग मागची यादी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते एवढं सगळ्यांना माहिती असतं, पण ते वजन शिजवायच्या आधीचं, पाण्यासकट, हे मला माहिती नव्हतं आणि सगळी गोम तिथे आहे. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. म्हणजे मिश्रणात २० किलो ताजं चिकन घातलं तर ते यादीत पहिलं दिसेल, त्याच्या खाली १८ किलो तांदूळ दिसेल, पण सगळं भाजून सुकवून कोरडे दाणे झाल्यावर चिकनचे सहा-सात किलो उरतात आणि तांदूळ मात्र जवळजवळ तेवढाच राहतो कारण तो आधीच कोरडा होता. मेथीची जुडी वाळवली की कशी मूठभर उरते, तसं. त्यामुळे "फर्स्ट इन्ग्रेडियंट रिअल चिकन" हे खोटं नसतं पण त्यावरून मांस जास्त आहे असं म्हणता येत नाही.

उलट 'चिकन मील' दिसलं की लोक नाक मुरडतात. इथे मीलचा अर्थ जेवण नाही, सोयाबीनची पेंड असते ना तिला इंग्रजीत सोयाबीन मीलच म्हणतात, तसं हे. मांस शिजवून त्यातलं पाणी आणि चरबी काढून केलेली कोरडी पूड. त्यात प्रोटीन साधारण ६५ टक्के असतं, म्हणजे वजनाला वजन ताज्या चिकनपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या मते ज्या कुत्र्याला चिकन चालतं त्याच्यासाठी यादीत वर चिकन मील असणं चांगलीच गोष्ट आहे. फक्त कशाचं मील ते लिहिलेलं पाहिजे. 'चिकन मील', 'फिश मील' ठीक, पण नुसतं 'मीट मील' किंवा 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स' असेल तर या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं असू शकतं, आणि ॲलर्जीच्या कुत्र्याला तेच नको असतं.

बाय-प्रॉडक्ट या शब्दाबद्दलही मी आधी घाबरून होते. पण ते म्हणजे मुख्यतः कलेजी, फुप्फुस, गुर्दा, प्लीहा. केस, शिंगं, दात, खूर हे आफ्कोच्या व्याख्येत बसत नाही. आमच्या घरात कोणी खात नाही पण माझ्या मैत्रिणीकडे वजडी आणि कलेजी रविवारी आवडीने करतात, मग कुत्र्याच्या पाकिटात आली की ती वाईट कशी होईल?

अजून एक युक्ती असते ती म्हणजे तुकडे करणं. मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी तीन वेगवेगळी नावं तीन ठिकाणी लिहिली की प्रत्येक जण यादीत खाली जातो आणि मांस वर राहतं, पण तिघांची बेरीज केली तर मकाच पहिला. वाटाण्याचंही असंच, वाटाणा, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचं फायबर. आणि मीठ कुठे आहे ते बघा. मीठ साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असतं, म्हणून मिठाच्या खाली जे काही आहे, ब्लूबेरी, पालक, भोपळा, रोझमेरी, ते चिमूटभर आहे. पाकिटावर पुढे ब्लूबेरीचा केवढा मोठा फोटो असतो बघा एकदा.

आता टक्केवारीचा तक्ता. क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर, मॉइश्चर. क्रूड म्हणजे हलक्या दर्जाचं नव्हे, ती मोजायची पद्धत आहे. प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे ते प्रोटीन कशातून आलंय आणि पोटात किती पचेल हे त्या आकड्यात नसतं. या पद्धतीचा गैरफायदा घेतला गेला तो २००७ साली, चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं, ते प्लास्टिकच्या कामाचं रसायन पण त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून चाचणीत प्रोटीन जास्त दिसायचं. कुत्र्या-मांजरांची किडनी निकामी झाली, खूप जनावरं गेली, कोट्यवधी डबे-पाकिटं परत मागवावी लागली. हे वाचलं तेव्हा मला कळलं की एका आकड्यावर जाऊन उपयोग नाही, आकडा आणि यादी शेजारी शेजारी ठेवून वाचायला पाहिजे.

आणि ओलं-कोरडं तुलना करताना पाणी वजा करा. आई एकदा म्हणाली, "ग्रेव्हीच्या त्या पाऊचमध्ये ८ टक्केच प्रोटीन आहे, कोरड्यात २२ आहे, मग ते महागाचं कशाला आणतेस?" गणित असं आहे की पाऊचमध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे खरा ऐवज २० टक्के, आणि त्या २० मधले ८ म्हणजे ४० टक्के प्रोटीन. कोरड्यात १० टक्के पाणी, ९० मधले २२ म्हणजे साधारण २४ टक्के. पाऊचमध्ये प्रोटीन कमी नाहीये. पण आईचं महागाचं म्हणणं बरोबरच होतं कारण आपण पाण्याचे पैसे देतोय. आफ्कोच्या तक्त्यात असं पाणी वजा करून मोठ्या कुत्र्याला कमीत कमी १८ टक्के आणि पिल्लांना २२.५ टक्के प्रोटीन सांगितलंय, ते डोक्यात ठेवलं की अंदाज येतो.

कार्बोहायड्रेट बहुतेक पाकिटांवर लिहिलेलेच नसतात. ते आपणच काढायचे, १०० मधून सगळं वजा करून. प्रोटीन २२, फॅट १०, फायबर ५, पाणी १०, राख म्हणजे मिनरल्स साधारण ८, झाले ५५, उरले ४५ ते कार्बोहायड्रेट. ४५ म्हणजे विष नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढलाय आणि स्टार्च पचवायची ताकद त्याच्यात लांडग्यापेक्षा खूप जास्त आलीये, त्यावर २०१३ मध्ये जनुकांचा अभ्यासही झालाय. म्हणून ते ग्रेन-फ्रीचं जे फॅड आलंय त्याच्या मागे मी गेले नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ग्रेन-फ्री, विशेषतः वाटाणे-मसूर-बटाटे भरपूर असलेलं खाणं आणि कुत्र्यांचा हृदयाचा एक आजार यांचा संबंध तपासायला घेतला. कारण पक्कं सिद्ध झालं नाही, पण तांदळाची ॲलर्जी नसताना तांदूळ काढून वाटाणे भरायला जादा पैसे द्यायचे कशासाठी, हे मला तरी पटत नाही.

एक ओळ मात्र सगळ्यात आधी शोधा आणि ती बहुतेक लोक वाचतच नाहीत. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलंय का, आणि कुठल्या वयासाठी. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'सप्लिमेंटल' लिहिलं असेल तर ते रोजचं पूर्ण जेवण नाही, वरून घालायचं आहे. आफ्को स्वतः कुठल्याही पाकिटाला मान्यता देत नाही, त्यामुळे 'आफ्को अप्रूव्हड' असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, कंपनी फक्त म्हणू शकते की त्यांच्या तक्त्याप्रमाणे बनवलंय किंवा त्यांच्या पद्धतीने कुत्र्यांना खाऊ घालून चाचणी केलीये. आपल्याकडे लोक एफएसएसएआयचा नंबर शोधतात, पण ती संस्था माणसांच्या खाण्याची. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे. 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक' या शब्दांना काही कायदेशीर व्याख्या नाही, कोणीही छापावं.

पिल्लांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये ग्रेट डेनचं पिल्लू आलं, मुलं फार प्रेमाने करतात, पिल्लांचं खाणं शिवाय वरून कॅल्शियमचं सिरप कारण "हाडं मोठी आहेत ना". मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. म्हणून मोठेपणी साधारण ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींसाठी आफ्कोची कॅल्शियमची वरची मर्यादाच वेगळी, १.८ टक्के, बाकीच्यांना २.५. पाकिटावर 'लार्ज साइझ डॉग्सच्या वाढीसकट' असं वाक्य असतं ते शोधायचं आणि सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि याच्या उलट, नुसतं उकडलेलं चिकन-भात खाऊन वाढणारी पिल्लं, त्यांना कॅल्शियम फारच कमी पडतं कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. घरचं अन्न चांगलं हे मलाही वाटतं पण दूध-पोळी आणि चिकन-भात म्हणजे पूर्ण आहार नाही, करायचंच असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या.

किती द्यायचं तेही पाकिटावरच्या तक्त्यावर सोडू नका. भिंगरी १६ किलोची आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. वजनाचा घन करायचा, म्हणजे १६ गुणिले १६ गुणिले १६, ४०९६, त्याचं वर्गमूळ ६४, परत वर्गमूळ ८, त्याला ७० ने गुणा, ५६०. ही निवांत पडून राहायला लागणारी ऊर्जा. ऑपरेशन झालेल्या, वयाने मोठ्या कुत्र्याला याच्या १.६ पट, म्हणजे साधारण ९०० कॅलरी. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असतील तर दिवसाला २५५ ग्रॅमच्या आसपास. मी आधी वाटीने अंदाजे द्यायचे, काट्यावर मोजलं तर ३२० भरलं! अर्थात हा सुरुवातीचा आकडा, मग बरगड्यांवरून हात फिरवून कमी-जास्त करायचं.

आता सुट्टं खाणं. पुण्यात कितीतरी दुकानांत मोठी गोणी उघडून ठेवतात आणि किलोवर देतात, स्वस्त पडतं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणारे बरेच जण तेच नेतात, मी त्यांना दोष देणार नाही, दहा-पंधरा कुत्र्यांचं पोट भरायचं म्हणजे सोपं नाही. पण त्यात यादी नाही, तारीख नाही, बॅच नंबर नाही. दाणे तयार झाल्यावर वरून चरबी आणि चवीचा अर्क फवारलेला असतो, त्याला हवा लागली की ती खवट होते. आणि आषाढ-श्रावणात आपल्याकडे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे उघड्या गोणीचं काय होणार. दुकानदार काकांना मी सरळ विचारते की गोणी कधी फोडली, आणि ते सांगतातही. घरी पाकीट आणलं तर दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, अख्खं पाकीटच तोंड दुमडून डब्यात ठेवा, नाहीतर डब्याच्या कडांना जुनं तेल राहतं आणि यादीही कचऱ्यात जाते. उघडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढंच पाकीट आणायचं, २० किलोची गोणी आम्हाला परवडली तरी आम्ही आणत नाही.

भिंगरीचं पुढे काय झालं ते राहिलंच. डॉक्टरांनी सांगितलं की खाज खाण्याचीच आहे का हे बघायचं तर रक्ताच्या चाचणीवर विसंबून उपयोग नाही, आठ आठवडे तिने आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रोटीन आणि एक स्टार्च, बाकी काही म्हणजे काही नाही. जंताची चवीची गोळी नाही, वॉचमन काकांचं बिस्कीट नाही. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे मासा तिने कधीच खाल्लेला नव्हता. मग बासाचे बिनकाट्याचे तुकडे आणि बटाटा. आईच्या स्वयंपाकघरात मासा शिजणं शक्य नव्हतं म्हणून बाल्कनीत इंडक्शन लावलं, वेगळं पातेलं, वेगळा झारा, आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटे मी तिथे शाल घेऊन मासे उकडत उभी. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, मला रडू यायचं. पाचव्या आठवड्यात एका रात्री मी दोन वाजता सवयीने जागी झाले आणि पट्ट्याचा आवाजच नव्हता. आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे परत थोडं चिकन देऊन बघितलं, तिसऱ्या दिवशी कान लाल.

मग माशाचं पाकीट शोधायला लागलो आणि खरं शिक्षण तिथे झालं, कारण पुढे मासा आणि मागे चिकन फॅट किंवा पोल्ट्री डायजेस्ट असं सहा-सात पाकिटांत निघालं. डायजेस्ट म्हणजे तोच फवारायचा अर्क. इंपोर्टेड पाकिटावर तर कधीकधी इंपोर्टरचं स्टिकर नेमकं यादीवरच चिकटवलेलं असतं, दुकानात नखाने सोलून बघितलंय मी. शेवटी एक मिळालं ज्यात फक्त मासा, तांदूळ, बीट पल्प, माशाचं तेल, आणि टिकवायला टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई. दहा दिवस थोडं थोडं मिसळत बदललं. मार्चपर्यंत पोटावर परत मऊ केस आले.

गेल्या आठवड्यात नवीन पाकीट आणायला आईच गेली होती, तेच नाव, तोच रंग, तोच मासा पुढे. दुकानातून तिचा फोन आला, "अगं, यात माशाच्या तेलाच्या जागी आता चिकन फॅट लिहिलंय, चौथ्या नंबरला. जुन्यात नव्हतं ना?" मी घरातलं जुनं पाकीट डब्यातून काढून बघितलं. नव्हतं. आईने ते परत ठेवलं आणि बासा घेऊन आली, स्वतःच्या पिशवीतून.